शब्दाची संगत दाखवणारा कोश : कॉलिन्स कोबिल्ड

मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदा तरी शंभर पानी वही मधोमध रेघ मारून दोन भागांत विभागलेली असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि रोज दहा शब्द पाठ करण्याचा संकल्प. माझ्या अशाच एका वहीत ‘कॉज’ या शब्दापुढे ‘कारण, घडवून आणणे’ असे लिहिले होते. अर्थ अगदी बरोबर होता. त्याच्या आधाराने मी निबंधात ‘माझे यश माझ्या शिक्षकांनी घडवून आणले’ असे म्हणताना हाच शब्द क्रियापद म्हणून वापरला, तेव्हा वाक्याखाली लाल रेघ आली. व्याकरण निर्दोष होते, अर्थही वहीत लिहिल्याप्रमाणे होता, त्यामुळे नेमके काय चुकले हे मला बरीच वर्षे कळले नाही.

त्याचा उलगडा कॉलिन्स कोबिल्ड या शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी–इंग्रजी कोशात झाला. या शब्दाचा अर्थ सांगतानाच कोश ‘एखादी घटना, बहुधा वाईट घटना’ अशी पुस्ती जोडतो. अपघात, आजार, नुकसान, गोंधळ, विलंब ही या शब्दाची नेहमीची संगत आहे. यश, आनंद, प्रगती त्याच्या जवळपास क्वचितच फिरकतात. मराठीत हा प्रकार आपल्याला नवा नाही. ‘दारूपायी घर बुडाले’ हे आपण सहज म्हणतो, पण ‘गुरुजींच्या पायी मी पास झालो’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘पायी म्हणजे मुळे’ एवढाच अर्थ देऊन सोडले तर तो हेच वाक्य बोलेल, आणि आपल्याला त्याची चूक कळली तरी तिचा नियम चटकन सांगता येणार नाही. शब्दार्थांच्या यादीत नेमकी हीच माहिती गळालेली असते, आणि या कोशाची बांधणीच तिच्याभोवती झालेली आहे.

या बांधणीमागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. 1980 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि कॉलिन्स ही प्रकाशनसंस्था यांनी मिळून हा प्रकल्प सुरू केला. जॉन सिंक्लेअर हे भाषाशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख संपादक होते, आणि पहिली आवृत्ती 1987 मध्ये आली. ‘कोबिल्ड’ हे नावही या दोन संस्थांच्या संयुक्त भाषा-माहितीसाठ्याच्या इंग्रजी नावातील अक्षरांवरूनच तयार झालेले आहे. कोशकारांनी आपल्या स्मरणावर विसंबून अर्थ लिहिण्याऐवजी पुस्तके, वृत्तपत्रे आणि ध्वनिमुद्रित संभाषणे यांतील प्रत्यक्ष वापरातला मजकूर संगणकात साठवला. त्यानंतर एकेक शब्द मध्यभागी ठेवून त्याच्या डावी-उजवीकडचा मजकूर एकाखाली एक मांडून तपासला. पहिल्या आवृत्तीच्या वेळी हा साठा सुमारे 2 कोटी शब्दांचा होता. पुढे प्रकाशक ज्या साठ्याचा उल्लेख करू लागले तो 4.5 अब्ज शब्दांचा, म्हणजे साडेचारशे कोटींचा होता. एखाद्या शब्दाच्या शेकडो ओळी अशा एकाखाली एक आल्या की त्याची संगत आपोआप डोळ्यांत भरते. एरवी जन्मभर इंग्रजी बोलणाऱ्यालाही ती विचारल्यावर लगेच सांगता येत नाही.

कोबिल्डची दुसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी देणगी म्हणजे पूर्ण वाक्यातली व्याख्या. इतर कोश शब्दापुढे तुटक वाक्यांश ठेवतात. कोबिल्ड मात्र ‘माणसे एखाद्या गोष्टीची अशी अशी चर्चा करतात तेव्हा ती तिच्याविषयी बोलतात’ अशा घाटणीने शब्द वापरूनच त्याचा अर्थ सांगतो. वरवर हा पसारा वाटतो, पण ‘डिस्कस’ या क्रियापदाचे उदाहरण पाहावे. आपण मराठीत विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून इंग्रजीतही या क्रियापदापुढे ‘अबाउट’ जोडण्याचा मोह जवळजवळ प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला होतो. कोबिल्डच्या व्याख्येत क्रियापदानंतर थेट कर्म येते, मध्ये कोणतेही शब्दयोगी अव्यय नसते. त्यामुळे अर्थ वाचताना वाक्याची योग्य रचनाही डोळ्यांखालून जाते. व्याकरणाचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. नियम पाहायचाच असेल तर संकेतस्थळावर उदाहरणांपाशी चौकटी कंसात रचनेची खूणही दिलेली असते.

या पद्धतीतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. बहुतेक क्रियापदांची व्याख्या ‘तुम्ही अमुक करता तेव्हा’ अशी सुरू होते. पण गुन्हा किंवा पाप करणे या अर्थाच्या ‘कमिट’ची व्याख्या ‘कोणी अमुक करतो तेव्हा’ अशी सुरू होते. वाचकाच्या माथी गुन्हा मारायचा नाही, एवढी शिष्टाई या एका सर्वनामात आहे, आणि शब्द कोणत्या प्रकारच्या कृतीला लागतो याची सूचनाही त्यातूनच मिळते. बोलणाऱ्याची नापसंती दाखवणाऱ्या शब्दांना तशी स्वतंत्र खूणही केलेली असते. ‘चाइल्डिश’ आणि ‘चाइल्डलाइक’ या दोन्हींना ‘मुलासारखा’ हा एकच अर्थ देणाऱ्या याद्यांतून पाठांतर केलेल्या विद्यार्थ्याला, पोरकट आणि निरागस यांतले अंतर इथे पहिल्यांदा दिसते.

संकेतस्थळावरची आवृत्ती विनामूल्य आहे, मात्र ती वाचण्याची रीत माहीत असायला हवी. शब्द शोधल्यावर सर्वांत वर कोबिल्डचा भाग येतो. त्याच पानावर खाली मूळ इंग्रजी भाषकांसाठीच्या कोशाचा मजकूर, मग अमेरिकी इंग्रजीचा भाग आणि पुढे साठ्यातून आपोआप उचललेली उदाहरणे अशी रांग लागते. ही शेवटची उदाहरणे बऱ्याचदा ब्रिटिश वृत्तपत्रांतली असतात, त्यांत टाइम्स आणि सन यांची नावे वारंवार दिसतात. (कॉलिन्स ज्या समूहात आहे त्याच समूहाची ही दोन्ही वृत्तपत्रे आहेत, हे जाता जाता लक्षात ठेवावे.) मागचा-पुढचा संदर्भ तुटल्यामुळे त्यातली कित्येक वाक्ये नवशिक्याला मूळ शब्दापेक्षा अवघड वाटतात. वाक्य खरोखर कोणीतरी वापरलेले आहे एवढ्यावरून ते शिकण्यासाठी चांगले ठरत नाही. कोशकाराने निवडलेले वरच्या भागातले उदाहरणच विद्यार्थ्याच्या उपयोगाचे असते. मी मुलांना पहिला भाग संपला की पान बंद करायला सांगतो. वरच्या बाजूला शब्द किती प्रचलित आहे हे दाखवणारे ठिपके असतात, ते मात्र जरूर पाहावेत. ठिपके अगदी कमी असतील तर तो शब्द ओळखता आला तरी पुरे, लिहिण्यात आणायची घाई नको.

कोबिल्ड सर्वत्र उपयोगी पडत नाही. झाडे, पक्षी, भाजीपाला, अवजारे यांच्या नावांसाठी त्याच्या लांब वाक्यांचा काही फायदा नाही. जे काम ‘कोथिंबीर’ हा एक मराठी शब्द करतो ते करायला इंग्रजी वर्णनाला पूर्ण ओळ लागते आणि तरीही वाचकाच्या मनात शंका राहते. अशा नामांसाठी साधा इंग्रजी–मराठी कोश जवळ असावा. क्रियापदे, विशेषणे आणि भाववाचक नामे यांच्यासाठी मात्र मी आता दुसरीकडे पाहत नाही.

छापील कोश घ्यायचा असल्यास आवृत्तीच्या पातळीकडे लक्ष द्यावे. ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ ही जाड आवृत्ती महाविद्यालयीन विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारे आणि भाषांतराचे काम करणारे यांच्यासाठी योग्य आहे. आठवी-नववीच्या मुलाच्या हाती ती दिली तर ती कपाटातच राहील, त्याला ‘इंटरमीजिएट’ पुरेशी होते. दोन रकान्यांची वही मी अजून ठेवतो, फक्त उजव्या रकान्यात मराठी अर्थाखाली कोबिल्डचे एक वाक्य उतरवतो आणि त्याखाली त्याच घाटाचे स्वतःचे एक वाक्य लिहितो. त्यामुळे दिवसाला दहाऐवजी तीनच शब्द होतात.