बल म्हणजे व्होल्टेज की करंट? यंत्राच्या कंपनासाठी विद्युत मंडल निवडताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत शेकआऊट यंत्र, म्हणजे हादरे देऊन ओतकामाची वाळू झाडणारे यंत्र, बंद होताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे ठाऊक असते की स्विच बंद केल्यावर ते हळूहळू शांत होत नाही. थांबण्यापूर्वी काही क्षण ते चालू असतानापेक्षाही मोठे हेलकावे खाते. हे का घडते आणि पायात किती बल उतरते, हे समजून घेण्यासाठी यंत्राच्या कंपनासारखेच वागणारे समतुल्य विद्युत मंडल काढणे हा उत्तम मार्ग आहे. मात्र हे रूपांतर दोन प्रकारे करता येते, आणि कोणता प्रकार घ्यावा हे न ठरवता काम सुरू केले तर पुढे गोंधळ होतो.

पहिल्या पद्धतीत बलाला व्होल्टेज आणि वेगाला करंट मानतात. मग वस्तुमान इंडक्टर होते, स्प्रिंग कपॅसिटर होते आणि डॅम्पर (हालचाल मंदावणारा घटक) रेझिस्टर होतो. फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या पद्धतीत बलाला करंट आणि वेगाला व्होल्टेज मानतात. त्यामुळे वस्तुमान कपॅसिटर होते, स्प्रिंग इंडक्टर होते आणि रेझिस्टरचे मूल्य डॅम्पिंग गुणांकाच्या व्यस्ताइतके येते.

उदाहरणादाखल ४०० किलो वस्तुमानाचे यंत्र, सर्व स्प्रिंगांची मिळून ४,००,००० न्यूटन प्रति मीटर ताठरता आणि २,५०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर डॅम्पिंग घेऊ. पहिल्या पद्धतीत ४०० हेन्री, २.५ मायक्रोफॅरड आणि २,५०० ओहम हे घटक बलस्रोतासह एकसरीत येतात. दुसऱ्यात ४०० फॅरड, २.५ मायक्रोहेन्री आणि ०.०००४ ओहम समांतर येतात. दोन्हींतून नैसर्गिक वारंवारता सुमारे ५ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ३०२ फेरे, अशीच मिळते. मोटर मिनिटाला ९६० फेऱ्यांनी (१६ हर्ट्झ) फिरत असेल तर डॅम्पिंग सोडून काढलेल्या हिशेबाने बलाचा सुमारे ११ टक्के भागच जमिनीत उतरतो. एकाच वस्तुमानाच्या यंत्रासाठी निवडीने काहीच बिघडत नाही.

फरक पडतो तो यंत्राखाली काँक्रीटचा ठोकळा आणि ठोकळ्याखाली रबरी पॅड आल्यावर. दुसऱ्या पद्धतीत यंत्र हा एक बिंदू, ठोकळा हा दुसरा बिंदू आणि जमीन म्हणजे मंडलाचे अर्थिंग (‘अर्थ’). जिथे स्प्रिंग तिथे इंडक्टर आणि प्रत्येक वस्तुमानापासून अर्थपर्यंत एक कपॅसिटर, असे मंडल यंत्राकडे पाहतच कागदावर उतरते. बिंदूशी येणाऱ्या बलांचा समतोल हाच कर्चहॉफचा करंटचा नियम (बिंदूत येणारा एकूण करंट बाहेर जाणाऱ्या करंटइतका) होतो. पहिल्या पद्धतीत मात्र जोडणी उलटते: ज्या घटकांचा वेग समान ते एकसरीत येतात, यंत्र आणि ठोकळा ही मंडलातली दोन वेटोळी (बंद मार्ग) होतात आणि मधली स्प्रिंग त्यांच्या सामाईक शाखेत जाते. चूक इथेच होते, आणि ती उत्तर आल्यावरही लवकर दिसत नाही. शिवाय ज्याची रचना सपाट कागदावर रेषा न छेदता काढता येत नाही, अशा यंत्राला पहिल्या पद्धतीचे उलटे मंडलच नसते. म्हणून मशीन फाउंडेशन, कंपन करणारी चाळणी (स्क्रीन), वाहनाचे सस्पेन्शन अशा कामांसाठी माझा कौल स्पष्टपणे दुसऱ्या पद्धतीला आहे.

तिची एक खरी अडचण सांगायलाच हवी. एलटीस्पाइस हे विद्युत मंडलांचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक इंडक्टरला आपणहून १ मिलिओहमचा एकसरी रोध जोडते. आपल्या २.५ मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरचा १६ हर्ट्झला रोध जेमतेम ०.२५ मिलिओहम भरतो. म्हणजे न सांगता आलेला रोध स्प्रिंगपेक्षा चौपट मोठा ठरतो आणि उत्तर साफ चुकते. इंडक्टरचा तो रोध शून्य लिहावा, किंवा १ अँपिअर म्हणजे १ किलोन्यूटन धरावे. मग कपॅसिटर ०.४ फॅरड, इंडक्टर २.५ मिलिहेन्री आणि रेझिस्टर ०.४ ओहम असे हाताळण्याजोगे आकडे मिळतात. पहिल्या पद्धतीत ४०० हेन्रीपुढे त्या रोधाचे काहीच चालत नाही.

पहिली पद्धत शोभते ती दाब आणि प्रवाह यांच्याशी काम पडते तिथे. हायड्रॉलिक प्रेसमध्ये तेलाचा दाब व्होल्टेजसारखा आणि प्रवाह करंटसारखा घेण्याचा प्रघात आहे, आणि ध्वनीच्या मंडलांतही तेच चालते. पिझो सेन्सर (दाबल्यावर व्होल्टेज देणारा सेन्सर) या पद्धतीत यांत्रिक आणि विद्युत बाजू जोडणारा साधा ट्रान्सफॉर्मर होतो. लाउडस्पीकरच्या कॉइलचे मात्र उलट आहे: तिथे बल करंटच्या प्रमाणात आणि व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असल्याने ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या पद्धतीत मिळतो.

शेकआऊटच्या हेलकाव्याकडे पुन्हा येऊ. स्विच बंद केल्यावर ९६० वरून मंदावणारी मोटर ३०२ फेऱ्यांच्या नैसर्गिक वारंवारतेतून जाते, म्हणून हेलकावा वाढतो. दुसऱ्या पद्धतीत यंत्राच्या बिंदूवरचा व्होल्टेज म्हणजेच त्याचा वेग. कंपनमापक मिलिमीटर प्रति सेकंदात जो आकडा दाखवतो, तो मंडलात मिलिव्होल्टमध्ये वाचता येतो. फक्त करंटस्रोताचे मूल्य स्थिर ठेवू नये, कारण असमतोल वजनाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते आणि ३०२ फेऱ्यांना ते ९६० फेऱ्यांच्या वेळच्या बलाच्या सुमारे एक दशांशच उरते. तरीही मोटर त्या वेगावर रेंगाळली, तर विस्थापन चालू स्थितीच्या साडेचारपटीपर्यंत जाऊ शकते. ती जितक्या लवकर तिथून पुढे सरकेल, तितका हेलकावा लहान राहतो.