वॉटर मिक्सेबल ऑइल कलर : आठ महिन्यांनंतर (टर्पेन्टाइन सोसत नाही त्यांच्यासाठी)

फेब्रुवारीत घेतलेल्या या सेटबद्दल मी ऑगस्टच्या शेवटी लिहायला बसले होते. तेव्हा एकच ओळ लिहिली होती : "पैसे फुकट गेले, घेऊ नका." ती आता खोडते आहे. मधल्या काळात मी एका दुकानदाराशी विनाकारण भांडले आणि जो दोष रंगांचा नव्हताच तो त्यांच्या माथी मारला, म्हणून सगळं नीट सांगते.

हे पाण्यात मिसळणारे तेलरंग. साधा तेलरंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला टर्पेन्टाइन हे पाइनच्या झाडापासून काढलेलं उग्र द्रव्य लागतं, यांना पाणी आणि साबण पुरतो. मी यांच्याकडे हौसेने वळले नाही. सत्तावीस वर्षं तेलरंगात निसर्गचित्रं करते आहे, बहुतेक जागेवर बसून. पंचगंगेचा घाट, रंकाळा, पन्हाळ्याची वाट. आमचे जुने चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थ तलावावर जाऊन रंगवायचे, हे आमच्या कोल्हापुरात चित्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडलेलं असतं. घरात बसून फोटोवरून लँडस्केप करणं आम्हाला जमतच नाही. पद्धतही जुनीच. वाटीत टर्पेन्टाइन, मांडीवर चिंधी, काम झालं की ब्रश रॉकेलमध्ये, हातही रॉकेलनेच पुसायचे आणि मग कपड्याच्या साबणाने खसाखसा धुवायचे. शिकताना सगळेच असं करायचे, कुणी काही बोलायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या बेचक्यात, जिथे चिंधी धरते नेमकं तिथे, पाण्याचे बारीक फोड यायला लागले. ते फुटायचे, भेगा पडायच्या, लिंबू पिळलं की जीव कळवळायचा. लेटेक्सचे हातमोजे घातले, तर टर्पेन्टाइन लागून ते फुगायचे, चिकट व्हायचे, आत हात घामाने भिजायचा. फोड वाढलेच. शेवटी साडेसहा हजार मोजून बारा ट्यूबचा हा सेट आणला. घरात साध्या तेलरंगांच्या तीसेक ट्यूब पडून होत्या. त्या कपाटात सारताना पोटात कालवलं.

पहिल्या तीन आठवड्यांत हात बरा झाला. अगदी बरा. मार्चमध्ये मी घाटावर पाण्याची बाटली आणि अंगाचा साबण घेऊन बसत होते, आणि घरी येऊन कणीक मळताना कुठेही चुरचुरत नव्हतं. तेवढ्यासाठी या रंगांना मी काहीही माफ केलं असतं.

माफ करण्यासारखं आहेही. पाणी घातलं की रंग दुधाळ होतो आणि फिका दिसतो. पाणी उडालं की गडद होतो. जागेवर नेमकं जमलेलं आभाळ घरी येईपर्यंत एक पायरी खाली उतरलेलं असतं. मधल्या अवस्थेत रंग चिकट होतो, ब्रश ओढावा लागतो. एप्रिलच्या उन्हात तर फारच. मी आता पाणी फक्त पहिल्या पातळ थराला वापरते, वरच्या थरांना या रंगांसाठीच मिळणारं तेल, आणि जमेल तिथे ब्रशऐवजी नाइफ, म्हणजे रंग लावायची बोथट सुरी. वाळायला मात्र तेलरंगाइतकाच वेळ लागतो. पाण्यात मिसळतो म्हणून ॲक्रिलिकसारखा वाळेल असं समजू नका.

मग ऑगस्ट. पावसाने उघडीप दिली म्हणून नदीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटांत सलग पाच सकाळी बसले. सहाव्या दिवशी उठले तर पापण्या सुजून डोळे अर्धे मिटलेले, गळा आणि कोपराच्या आतल्या बाजू लाल, जाड, खाजऱ्या. मला वाटलं, आता हे रंगही बाधले. तशीच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पाण्याचा रंग आहे, काय नसतंय बघा त्यात." मी म्हटलं, काय नसतंय ते नको, काय असतंय ते दाखवा.

आणि इथे माझी या रंगांबद्दलची खरी तक्रार सुरू होते, ती आजही कायम आहे. ट्यूबवर पिग्मेंटचा, म्हणजे मूळ रंगाच्या पुडीचा नंबर आहे : अल्ट्रामरीनवर पीबी 29, पांढऱ्यावर पीडब्ल्यू 6. किती वर्षं टिकेल त्याचे तारे आहेत. एएसटीएम डी-4236 ही ओळ आहे, म्हणजे आरोग्याच्या धोक्यांबद्दल लेबलवर काय लिहायचं त्याचं अमेरिकी मानक. पण तेलाला पाण्यात मिसळायला लावणारा पदार्थ कोणता, टिकवण्यासाठी काय घातलंय, याबद्दल एक अक्षर नाही. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर सगळे घटक छापतात, आणि तासन्‌तास हाताला लागणाऱ्या पाचशेच्या ट्यूबवर नाही. माझी भीती उगाच नव्हती. पाण्यातल्या पुष्कळ रंगांत, ॲक्रिलिकमध्ये आणि भिंतीच्या रंगांतही, मिथाइल आयसोथायाझोलिनोन नावाचं संरक्षक असतं आणि ते त्वचेला बाधणारं म्हणून चांगलंच बदनाम आहे. कंपनीला मेल केला. उत्तर आलं, रंग बिनविषारी आहे. दुसऱ्या मेलला उत्तर, फॉर्म्युला गोपनीय आहे. तिसऱ्यांदा एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून नेमकं "सेफ्टी डेटा शीट" मागितलं, तर दोन दिवसांत आलं! त्यातला दुसरा भाग धोक्यांचा, तिसरा घटकांचा. तेवढे दोन वाचा. माझ्या सेटच्या शीटमध्ये ते संरक्षक नव्हतं. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी सेट घेण्याआधीच हे मागून घ्यावं.

मग पापण्या का सुजल्या? त्वचेच्या डॉक्टरांनी आधी सूज उतरू दिली आणि मग त्वचेला काय बाधतं ते शोधायची पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या चकत्यांच्या ओळी चिकटवतात. दोन दिवस अंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. मग पट्ट्या काढून बघतात, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा, कारण काही पदार्थ उशिरा उठतात. माझ्या ट्यूबमधले चार रंग आणि टर्पेन्टाइनही योग्य प्रमाणात करून लावलं होतं. चारही रंग कोरे, म्हणजे तिथे काहीच उठलं नाही. काही निळ्या रंगांत असतो तो कोबाल्ट धातूही कोरा, ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरत होते. टर्पेन्टाइन उठलं. रोझिन म्हणजे राळ, तीही उठली, तीही पाइनच्याच झाडाची, आणि काही चिकटपट्ट्यांच्या गमात असतं. मागे ऑपरेशननंतर पट्टीखाली चौकोनी लाल डाग आठवडाभर का राहिला, ते तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हवा लागून जुनं झालेलं टर्पेन्टाइन जास्त बाधतं. माझी अर्धी बाटली खिडकीत दोन वर्षं उभी होती.

आणि सगळ्यात मोठा, बोट फिरवलं तरी हाताला लागेल असा उठाव होता गाजरगवताचा.

गाजरगवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन पानांवरच्या लवेत असतं, वाळलेल्या पानांच्या धुळीबरोबर हवेतूनही येतं, म्हणून हातावर नाही तर पापण्यांवर, गळ्यावर, कोपराच्या घडीत उठतं. घरी आले आणि ऑगस्टमधलं चित्र भिंतीला लावून बघितलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात मीच नाइफच्या टोकाने पांढरे बारीक ठिपके दिले होते, हिरव्यावर, एकदम ताजे. त्या फुलांत मी पाच सकाळी बसले होते.

आता मी पावसाळ्यात घाटाच्या दगडी पायऱ्यांवरच बसते, मोकळ्या प्लॉटांत जात नाही. घरी आल्याबरोबर तोंड-मान धुते, कपडे बदलते. टर्पेन्टाइन आणि रॉकेल दोन्ही घरातून गेलं. हातमोजे लेटेक्सऐवजी नायट्रिल या कृत्रिम रबराचे, तेही फक्त पॅलेट साफ करताना.

कपाटातल्या त्या तीस ट्यूबही बाहेर आल्या आहेत. बाधत होतं ते टर्पेन्टाइन, जुने रंग नव्हेत. नवीन रंगात थोडा जुना मिसळला तरी ब्रश साबणाने निघतो. नुसता जुना वापरला तर ब्रश आधी जवसाच्या तेलात खळबळून, पुसून, मग साबण. वेळ दुप्पट लागतो, पण एकही ट्यूब टाकावी लागली नाही.

परवा दुकानात गेले, त्या दिवशी आवाज चढवला त्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो मॅडम, डोळे बरे झाले न्हवं?" या रंगातला पांढरा संपला होता, तेवढी एकच ट्यूब घेतली.