एसईलिनक्स की ॲपआर्मर?

लिनक्सची जुनी रीत अशी की फाइल कोणी वाचायची ते तिचा मालक ठरवतो. त्याने वैतागून ‘सीएचमॉड ७७७’ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड) मारलं की पगारपत्रक चव्हाट्यावर. मँडेटरी ॲक्सेस कंट्रोलमध्ये मालकाच्याही वर एक नियम असतो आणि तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पाळायला लावतो. नियमात बांधलेली सर्व्हिस रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालत असली तरी तिला नेमून दिलेल्या फाइलींपलीकडे हात घालता येत नाही. असा नियम लावणाऱ्यांपैकी सर्व्हरसाठी निवड बहुधा एसईलिनक्स आणि ॲपआर्मर या दोघांतच होते.

एसईलिनक्स अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० साली खुलं केलं. ते प्रत्येक फाइलला आणि प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) लेबल लावतं आणि कोणी कशाला हात लावायचा ते त्या लेबलांवरून ठरवतं. नवख्याला पहिला दणका इथेच बसतो. होम फोल्डरमधलं पान ‘एमव्ही’ने (फाइल हलवायची कमांड) वेब फोल्डरमध्ये टाकलं, परवानग्या चोख, तरी ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. ‘एमव्ही’ने जुनं लेबल सोबत आणलेलं असतं, ‘सीपी’ने (कॉपीची कमांड) नव्या जागेचं मिळालं असतं. जागेप्रमाणे लेबल पुन्हा लावणारं ‘रिस्टोरकॉन’ चालवलं की पान उघडतं. हे ठाऊक नसलं की माणूस रात्री ११ वाजता ‘सेटएन्फोर्स ०’ मारून, म्हणजे एसईलिनक्सची अडवणूकच थांबवून, झोपायला जातो. (मीही गेलोय.)

पण संवेदनशील माहितीसाठी हा चिवटपणाच हवा असतो. एकाच मशीनवर दोन ग्राहकांचे कंटेनर (प्रोग्राम चालवायचे वेगवेगळे कप्पे) असले तर दोघांच्या लेबलांत वेगळे आकडे घालता येतात; एक फुटला तरी दुसऱ्याच्या फाइली त्याला बंद. गोपनीयतेच्या चढत्या पायऱ्याही लावता येतात. अँड्रॉइड ५.० पासून तुमच्या खिशातल्या फोनवरही हेच पहारा देतंय.

ॲपआर्मर लेबलांच्या भानगडीत पडत नाही, फाइलचा पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता, बघतं. प्रोफाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल: या प्रोग्रामने हे वाचावं, तिथे लिहावं. तासाभरात समजते. लिनक्सच्याच उबंटू या अवतारात ते २००७ पासून आहे, डेबियन या दुसऱ्या अवतारातही १० व्या आवृत्तीपासून आपोआप चालू. उणीव अशी की ज्या प्रोग्रामला प्रोफाइल नाही तो मोकाट, आणि गोपनीयतेच्या पायऱ्या इथे नाहीतच.

उबंटूवर एकदोन सर्व्हिस आणि सांभाळणारा एकटा माणूस असेल, तर ॲपआर्मरच घ्या. हौसेने एसईलिनक्स बसवायला जाऊ नका. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या घराण्यातलं काही असेल तर एसईलिनक्स आधीच चालू असतं, ते बंद करू नका. अनेकांचा डेटा एकाच मशीनवर असेल तर मात्र मी एसईलिनक्सच म्हणेन. आधी पंधरवडाभर चाचणीच्या मशीनवर परमिसिव्ह मोडमध्ये (यात ते अडवत नाही, फक्त नोंद करतं) चालवा, रोज लॉग बघा. लॉगमधल्या नोंदींवरून परवानगीचे नियम बनवणारं ‘ऑडिट-टू-अलाऊ’ सुचवेल तो प्रत्येक नियम वाचूनच घ्या, नाहीतर ७७७ वेगळ्या नावाने परत येतो.