ई-रीडर, वर्षभरानंतर: काउबॉयसाठी उत्तम, खुन्यासाठी निकामी

हे मी गणेश चवथीनंतर निवांत लिहिणार होते. पण जुलै संपता संपता यंत्राने चार्ज घेणं बंद केलं, त्यावर सर्व्हिसवाल्यांनी जी उत्तरं दिली ती ऐकून डोकं तापलं, म्हणून आत्ताच लिहिते. स्क्रीन, मेमरी वगैरे तुम्हांला माहीत असणारच: सहा इंची, काळापांढरा, स्वतःचा दिवा असलेला साधा ई-रीडर. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून चालू आहे.

घेतला का, तर गोव्यातल्या फोंड्यात कागदी पुस्तकं ठेवणं म्हणजे कसर आणि बुरशी पोसणं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वडिलांच्या ट्रंकेत बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या. त्यांतले नायक झुंजार आणि काळापहाड यांचं जे एकाही शत्रूला करता आलं नाही ते वाळवीने करून दाखवलं.

यंत्रावर पैसे गेल्यावर पुस्तकांवर खर्च करायचा नाही असं ठरवलं. फुकट, पण चोरीचं नको. आपल्याकडे कायदा असा, की लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात. ही ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. त्यामुळे वर्षभर मी लेखक निवडले ते मृत्यूचं साल बघून. कॉनन डॉयल १९३०, चालेल. झेन ग्रे १९३९, चालेल. रेमंड चँडलर १९५९ साली गेला, म्हणजे आपल्याकडे २०२० पासून खुला. त्याची ‘द बिग स्लीप’ १९३९ची. ती अमेरिकेत अजून बंद आहे आणि इथे मी कदंबच्या सरकारी बसमध्ये बसून वाचते, याचं मला फार बरं वाटतं. अगाथा ख्रिस्ती १९७६, म्हणजे २०३७ उजाडेपर्यंत थांबा. अर्नाळकर १९९६, म्हणजे २०५७. तोवर मीच खुली होईन.

आता मुख्य तक्रार. पानाच्या खाली कोपऱ्यात किती टक्के वाचून झालं तो आकडा दिसतो. दिसायला एवढासा, पण रहस्यकथेचा गळा घोटतो. ६२ टक्क्यांवर पोलीस माळ्याला पकडून नेतात. माळी निर्दोष, हे आकडाच सांगतो. ७५ टक्क्यांवर पुतण्या गुन्हा कबूल करतो. लेखकाने त्या कबुलीसाठी दहा पानं रक्त आटवलेलं असतं, बाहेर वादळ आणलेलं असतं, आणि मी मात्र मनात म्हणते, बाबा रे, अजून पाव पुस्तक शिल्लक आहे, तू कोणाला तरी वाचवतो आहेस. पाचशे पानांची मेहनत दोन अंकांनी घालवली.

कोपऱ्यावर बोट टेकवलं की आकडा जातो, हे मला ठाऊक आहे. ते सांगायला कोणी येऊ नका. त्या जागी ‘प्रकरण संपायला इतकी मिनिटं’ येतं. ते त्याहून वाईट, कारण प्रकरणाच्या शेवटी काहीतरी आदळणार हे मिनिटांसकट कळतं. तिसऱ्यांदा टेकवलं की जागा कोरी होते. पण आकडा एका बोटाच्या अंतरावर आहे हे माहीत असताना कोरी जागा बघत बसणारी बाई मी नव्हे. भाचा म्हणतो, कागदी पुस्तकातही उरलेली पानं हाताला कळतातच की. कळतात, पण अंदाजाने. अंदाजात थोडी आशा असते.

त्यात आणखी एक गंमत. फुकट फायलींच्या शेवटी परवान्याचा लांबलचक इंग्रजी मजकूर जोडलेला असतो. तोही टक्क्यांत धरला जातो. एका कादंबरीत ९३ टक्क्यांवर खुनी सापडला, सगळे चहाला बसले, आणि मी ताठ: सात टक्के आहेत, म्हणजे हा खुनी नाही, खरा अजून मोकळा फिरतोय. पान उलटलं तर परवाना. रागावले खरी, पण वर्षभरात रहस्यकथेने मला पूर्ण चकवलं ते त्या रात्री. श्रेय लेखकाचं की वकिलाचं, ठरवता येत नाही.

दुसरी अडचण मागे जाण्याची. रहस्यकथा वाचताना डाव्या हाताचं एक बोट मागच्या पानात अडकवून ठेवावं लागतं. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) घ्या. सोमनाथाच्या मूर्तीवरचा पिवळा हिरा, इंग्लंडातल्या एका घरातून रात्रीत गायब, आणि हकिगत सांगणारे एकामागून एक बरेच. म्हातारा कारभारी एक सांगतो, धर्माचं वेड असलेली बाई दुसरंच. खरी मजा दोघांचं बोलणं शेजारी ठेवून बघण्यात. इथे मागे जायचं तर आधी खूण करा, मग यादी उघडा, मग स्क्रीन काळी होऊन पुन्हा पांढरी होईपर्यंत थांबा. तोवर काय तपासायचं होतं तेच विसरतं.

शोधायची सोय आहे, आणि तीच घातक. गेल्या चवथीच्या सुट्टीत भाचा आला होता. त्याने माझ्या चालू पुस्तकात एकेक पात्राचं नाव टाकून ते कुठे कुठे येतं ते बघितलं आणि गणपतीवरच्या माटोळीची फळं बांधता बांधता म्हणाला, “मामी, खुनी तो डॉक्टर.”

“वाचलंस तू?”

“कशाला? मधल्या दोनशे पानांत त्याचं नावच नाही, आणि शेवटच्या प्रकरणात ओळीओळीला आहे.”

बरोबर निघालं. त्याला त्या दिवशी नेवऱ्या (करंज्या) मोजून दिल्या.

इथवर वाचून वाटेल की यंत्र विकायला काढलंय. तर नाही, आणि ते काउबॉयांमुळे. झेन ग्रेची ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ (१९१२) मी फुकट आहे म्हणून उतरवली. हा गृहस्थ आधी दातांचा डॉक्टर होता, आणि त्याचा घोडेस्वार दक्षिण युटाच्या उजाड मुलखात १८७१ सालात फिरतो. बाहेर दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, भिंतीला ओल चढलीये, आणि आत माणसं पाण्याच्या एका झऱ्यावरून जिवावर उठलीयेत. जुलैत गोव्यात बसून वाचायला याच्याइतकं कोरडं काही नाही. पाऊस जितका जास्त तितकं ते वाळवंट खरं वाटतं.

आणि इथे तोच आकडा कामाचा ठरला! वेस्टर्नमध्ये, म्हणजे या काउबॉयकथांत, शेवटी गोळीबार होणार हे पहिल्या पानापासून सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न कधी होणार एवढाच. ८० टक्के झाले, अजून पिस्तूल कमरेलाच. ८८ झाले, तो शांतपणे घोड्याला पाणी दाखवतोय. आकडा चढतो तशी छाती धडधडते. ओवेन विस्टरची ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) अशीच वाचली. नायक आणि खलनायक पुस्तकभर एकमेकांना टाळत राहतात आणि खाली टक्के वाढत जातात. लेखकाला हे यंत्र मिळालं असतं तर त्याने आकडा मोठ्या अक्षरांत छापला असता. शब्दकोशही इथेच उपयोगी पडला, बोट दाबलं की घोड्यांचे रंग कळतात. गुराख्यांची बोली मात्र उच्चाराप्रमाणे लिहिलेली, तिथे शब्दकोश हात वर करतो.

मग मी रहस्यकथांकडे परत गेले, पण निवडून. ऑस्टिन फ्रीमनच्या ‘द सिंगिंग बोन’मध्ये (१९१२) खून कोणी केला ते आधीच सांगतात, मग डॉक्टर थॉर्नडाइक धूळ आणि धागे तपासत त्याच्यापर्यंत कसा पोचतो ते बघायचं. लपवायला काही नसल्यामुळे आकडा बिचारा गप्प बसतो. आणि शेरलॉक होम्सच्या चार कादंबऱ्या नि ५६ कथा एकाच फायलीत घेतल्या की एक कथा एक-दोन टक्क्यांत आटपते. संशयित बदलतात पण आकडा हलत नाही. म्हणून वर जे ‘गळा घोटतो’ म्हटलं ते सुट्या कादंबऱ्यांपुरतं धरा. लेखकाचं सगळं एकगठ्ठा उतरवा. फाइलही एकच सांभाळायची.

फक्त होम्सची फाइल चित्रांची आहे ना ते आधी बघा. नाचणाऱ्या माणसांच्या आकृत्यांतून निरोप पाठवणारी ती १९०३ची कथा मी नुसत्या मजकुराच्या फायलीत उघडली. होम्स कागद पुढे धरतो, वॉटसन थक्क होतो, आणि जिथे आकृत्या हव्यात तिथे रिकामी ओळ. तासभर होम्सच्या शब्दावर विश्वास ठेवून काढला.

मराठीचं थोडक्यात: अक्षरं दिसतात, पण काही फायलींत ‘दुसऱ्या’मधला र मोडून पडतो, आणि स्कॅन केलेली जुनी पुस्तकं सहा इंचात मुंगीएवढी. मराठीसाठी घेणार असाल तर दुकानात एक पान उघडून बघा. उजेड छान, लाइट गेली तरी अडत नाही. भोम ते जुनं गोवं रस्ता कसाही असो, बसमध्ये एका हातात धरता येतो.

आता बिघाड. बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते, ही जाहिरात खरी आहे. पण म्हणूनच चार्जिंगचं भोक आठवडेच्या आठवडे उघडं पडून दमट हवा खातं. केबल लावली तर काहीच नाही. वॉरंटी शिल्लक होती. चॅटवर फोटो मागितला, दिला. गोव्यात सेंटर नाही, कुरिअर करा म्हणाले. केला, स्वतःच्या खर्चाने. उत्तर आलं: यंत्रात ओलावा गेल्याची खूण आहे, सबब वॉरंटी लागू नाही, नवीन घेतल्यास सवलत देऊ. मी लिहिलं, पाण्यात पडलेलं नाही, पिशवीतसुद्धा भिजलेलं नाही. किनाऱ्याच्या राज्यात विकता तर हवेतल्या ओलाव्याचं काय ते बघायला नको? त्यावर तेच उत्तर पुन्हा, फक्त सुरुवातीला ‘आम्हांला खेद आहे’ जोडून. यंत्र जसंच्या तसं परत आलं.

वरच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ बसतात. भिंगातून बघून म्हणाले, “बाय, पिना हिरव्या झाल्यात. पावसात मोबाइलांचंही असंच होतं.” स्पिरिट लावून बारीक ब्रशने घासलं, केबल जोडली, दिवा लागला. दीडशे रुपये. दमट पिनांत केबल घातली की विजेमुळे गंज आणखी झपाट्याने चढतो, हेही त्यांनीच सांगितलं. कंपनीच्या माहितीपत्रकात ती ओळ मला कुठे दिसली नाही. आता यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात राहतं, सोबत बुटांच्या खोक्यांतल्या त्या सिलिकाच्या पुड्या. तांदळात ठेवू नका, पीठ भोकात जातं.

घ्यावा का? माझ्यासारखं फुकट वाचणार असाल, आणि शेवट माहीत असूनही वाट बघायला आवडत असेल, तर घ्या. नव्या रहस्यकथा विकत घेऊन वाचणार असाल तर कागदच बरा. मॉडेल घेताना पाणी न शिरणारं मिळत असेल तर थोडे जास्त मोजा. हे मी सांगतेय, जी भाजीवालीशी पाच रुपयांवरून वाद घालते.

माझं पुढचं वेळापत्रक तयार आहे. मार्जरी ॲलिंगहॅम १९६६ साली गेली, ती १ जानेवारी २०२७ला खुली होते. वकील पेरी मेसनच्या कादंबऱ्या लिहिणारे अर्ल स्टॅनली गार्डनर १९७० साली गेले, म्हणजे २०३१. कोर्टातल्या कादंबऱ्यांत आरोपी निर्दोष हे पहिल्यापासूनच ठरलेलं, तेव्हा आकडा तिथे चालून जावा. पिना तोवर हिरव्या झाल्या नाहीत तर.