मॉडेल २७, २८ की २९: जुनी एन-फ्रेम घेताना

अमेरिकेत रीतसर जुनी स्मिथ अँड वेसन कंपनीची रिव्हॉल्व्हर घ्यायची ठरवली, की बहुतेकांचं घोडं या तीन नंबरांपाशी येऊन अडतं. तिन्ही रिव्हॉल्व्हर स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्सच्या एकाच कारखान्यातल्या, आणि तिन्हींची चौकट एकाच मापाची, म्हणजे मोठी 'एन-फ्रेम'. तरी किमतीत बरंच अंतर असतं. ते कशाचं, हे कळल्याशिवाय पैसे काढू नयेत. माझं मत आधीच सांगतो: रेंजवर नियमित नेमबाजी करायची असेल तर २८ घ्या.

ही चौकट १९०८ च्या सुमाराची, .४४ स्पेशल या नव्या काडतुसासाठी बनवलेली. त्या पहिल्या मॉडेलचं सिलिंडर तीन ठिकाणी अडकायचं: मागे, एजेक्टर रॉडच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीच्या) पुढच्या टोकाला आणि क्रेनपाशी, म्हणजे सिलिंडर ज्या हातावर बाहेर झुलतं तिथे. म्हणून संग्राहक तिला 'ट्रिपल लॉक' म्हणतात. तिसऱ्या खिट्टीचं काम नाजूक आणि खर्चिक होतं. १९१५ मध्ये कंपनीने ती खिट्टी आणि रॉडखालचं आवरण काढलं, तशी किंमत २१ डॉलरवरून १९ वर आली. पहिल्या महायुद्धात याच चौकटीवर लष्करासाठी .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची मॉडेल १९१७ निघाली. त्या काडतुसाला कड नाही, त्यामुळे पुंगळ्या एका झटक्यात बाहेर काढायच्या तर काडतुसं तीन-तीन करून अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये अडकवावी लागत.

१९३५ मध्ये .३५७ मॅग्नम काडतूस आणि त्यासाठीची रिव्हॉल्व्हर आली. आधीच्या .३८ स्पेशल काडतुसाची पुंगळी सुमारे ३ मिमीने लांब केली होती, म्हणजे हे जहाल काडतूस जुन्या, कमजोर रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. ऐन मंदीत रिव्हॉल्व्हरची किंमत ६० डॉलर. प्रत्येक रिव्हॉल्व्हर गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे बनायची आणि मागितल्यास त्याच्या नावाने नोंदली जायची. पहिली एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना दिली गेली. अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांनीही हस्तिदंती मुठीची एक घेतली होती. आजची मॉडेल २७ ही तिचीच थेट वारस. नंबर मात्र १९५७ मध्ये आले.

२७ हातात घेतली की आधी वरची पट्टी बघा. नेम धरायच्या मागच्या खाचेपासून नळीच्या टोकावरच्या माशीपर्यंत चौकटीवर आणि नळीवर बारीक चौकड्या कोरलेल्या असतात, उन्हात चमक डोळ्यावर येऊ नये म्हणून. बाजूंची निळी झिलई इतकी गहिरी, की तोंड दिसावं. हे सगळं कसबी हातांचं काम आणि जादा पैसे त्याचेच आहेत. पोलिसांना हीच ताकद स्वस्तात हवी होती, म्हणून १९५४ मध्ये 'हायवे पेट्रोलमन' निघाली, पुढे तिलाच मॉडेल २८ म्हणू लागले. कोरीवकाम गेलं, झिलई मंद झाली, नळ्या ४ आणि ६ इंच एवढ्याच राहिल्या. चौकट, सिलिंडर, आतली यंत्रणा तीच. चाप ओढताना तो मऊपणाही तोच.

६ इंची २८ चं वजन सव्वा किलोच्या आसपास आहे. कमरेला दिवसभर वागवणाऱ्या शिपायाला ते जड गेलं असणार, पण रेंजवर तेच वजन धक्का गिळतं. शिवाय ती .३८ स्पेशलही झाडते, आणि सरावाला ते स्वस्त पडतं. फक्त .३८ भरपूर झाडल्यावर सिलिंडरची घरं, म्हणजे काडतुसं बसतात ती भोकं, नीट घासा. आखूड पुंगळीच्या पुढे काजळीचं कडं साचतं आणि मग .३५७ च्या पुंगळ्या अडकू लागतात.

२९ चा मामला वेगळा. आयडाहोचे नेमबाज आणि बंदुकांवर लिहिणारे एल्मर कीथ वर्षानुवर्षं .४४ स्पेशल जादा दारूने भरत होते. त्यांच्या आग्रहातून रेमिंग्टनने .४४ मॅग्नम काडतूस केलं आणि १९५५ च्या अखेरीस पहिली रिव्हॉल्व्हर तयार झाली. शिकारीसाठी ती घ्यावी. नवशिक्याने मात्र घेऊ नये: धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना हात दचकायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही. जहाल काडतुसं सतत झाडल्याने जुन्या २९ ढिल्या पडायच्या, म्हणून कंपनीने पुढे आतले भाग अधिक टिकाऊ केले. खूप झाडायचं असेल तर २९-५ किंवा त्यानंतरची शोधा (आडव्या रेघेनंतरचा आकडा सुधारित आवृत्तीचा). संग्रहाला २९-२ भारी, कारण तिच्यात आडव्या पिनेने चौकटीत पक्की केलेली नळी आणि काडतुसाच्या कडेसाठी खोलगट केलेलं सिलिंडर आहे. १९८२ च्या सुमारास या दोन्ही गोष्टी बंद झाल्या.

कोणतीही घ्या, पण विक्रेत्याला विचारून आणि रिकामी असल्याची खात्री करूनच तपासा. सिलिंडर बाहेर काढलं की क्रेनच्या खाचेत मॉडेल नंबर कोरलेला दिसेल. बाजूच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कोणीतरी आत हात घातलाय. मग घोडा अगदी हळू चढवा: तो पूर्ण चढण्याआधी सिलिंडर जागेवर अडकलंच पाहिजे, सहाही घरांना. तिथे उशीर झाला तर ठेवून द्या. आणि २८-२ या कसोटीला उतरली, तर नळीच्या टोकाला म्यानाने घासून झिलई गेलीय एवढ्यासाठी सौदा मोडू नका. फार तर भाव पाडून घ्या.