सांबा डोमेनचा डीएनएस: अंतर्गत की बाइंड?

चिपळूणची पतसंस्था असो वा देवगडचा आंबा-प्रक्रिया कारखाना, वीस-पंचवीस संगणकांसाठी सांबाचा (लिनक्सवर विंडोजसारखी फाइल आणि लॉगिन सेवा देणारं सॉफ्टवेअर) डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, बसवायचा म्हटलं की पहिला फाटा डीएनएसचा, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचा. सांबाबरोबर येणारा अंतर्गत डीएनएस ठेवायचा, की बाइंड या स्वतंत्र डीएनएस सर्व्हरला सांबाच्या नोंदी पुरवणारं डीएलझेड मॉड्यूल जोडायचं?

कामाला बाइंड सरस, यात वाद नाही. तो कॅशे ठेवतो (आलेली उत्तरं साठवतो), मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या झोनला, म्हणजे तिथल्या नावांच्या गटाला, वेगळा फॉरवर्डर (प्रश्न ज्याच्याकडे पुढे पाठवायचे तो सर्व्हर) लावू देतो. अंतर्गत डीएनएस झोनबाहेरचा प्रत्येक प्रश्न फॉरवर्डरकडे ढकलतो आणि आलेलं उत्तर विसरतो. पावसात लाइन रडतखडत चालते तेव्हा हे जाणवतं. पण कॅशे ठेवणारा राउटर फॉरवर्डर म्हणून दिला की बरंचसं भागतं.

माझा कल फिरला तो अपग्रेडमुळे. डीएलझेडचं मॉड्यूल बाइंडच्या आवृत्तीगणिक वेगळं, आणि सांबाने तयार केलेल्या नेम्ड.कॉन्फ या बाइंडच्या सेटिंग-फाइलमध्ये त्यातली एकच ओळ उघडी (लागू) असते. डेबियन ११ वरून १२ वर गेलं की बाइंड ९.१६ चा ९.१८ होतो. ओळ जुनीच राहिली तर सेवा उठतच नाही. एसआरव्ही नोंदी (कोणती सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) मिळत नाहीत, कर्बेरॉसला (ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला) केडीसी, म्हणजे तिकिटं देणारा सर्व्हर, सापडत नाही. फसवं असं, की विंडोज साठवलेल्या ओळखीवर लोकांना आत घेतं. सकाळी सगळं आलबेल दिसतं. मग सर्व्हरवरचा शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, पासवर्ड मागू लागतो आणि लोक पासवर्ड बदलत बसतात. उपाय सोपा: नव्या आवृत्तीची ओळ उघडा, जुनी बंद करा. पण हे ओळखणारा माणूस रत्नागिरीहून गुहागरला पोचेपर्यंत काउंटर ठप्प. शिवाय कीटॅब (कर्बेरॉसच्या किल्ल्यांची) फाइल वाचायची परवानगी बाइंडला नसली की नोंदी आपोआप बदलणं थांबतं, ते निराळंच.

अंतर्गतचीही एक खोड आहे. उबुंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा नावं शोधणारा प्रोग्रॅम पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचं ठरलेलं दार, आधीच अडवून बसतो. त्याचा स्टब लिसनर (त्या दारावर ऐकणारा भाग) बंद करा, रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (डीएनएस कोणाला विचारायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) सर्व्हरचा स्वतःचा पत्ता लिहा. एकदाच करायचं काम.

बाकी दुखणी दोन्हीकडे सारखीच. क्लायंटला ‘दुय्यम डीएनएस’ म्हणून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) देणं हा हमखास घोटाळा: तिथून ‘असं नाव नाही’ आलं की क्लायंट ते खरं मानतो. विजेच्या खेळखंडोब्यात राउटर मूळ सेटिंगवर गेला, तरी त्याचा डीएचसीपी (संगणकांना पत्ते आणि डीएनएस वाटणारी सेवा) हाच गोंधळ घालतो. बोर्डावरचा सेल संपला तर घड्याळ मागे जातं, आणि पाच मिनिटांपलीकडचा फरक कर्बेरॉस खपवून घेत नाही. म्हणून आधी वेळ पाहा, मग एलडॅपची (डिरेक्टरी सेवेची) एसआरव्ही नोंद, मग किनिट, म्हणजे कर्बेरॉसचं तिकीट मागून पाहायची आज्ञा.

वेगळे झोन, व्हीपीएनवरच्या शाखा असतील तर बहुधा बाइंडच घ्यावा लागेल. एका इमारतीतल्या कचेरीला अंतर्गत पुरतो, असं मला वाटतं. नोंदी दोन्ही पद्धतींत डिरेक्टरीच्याच डेटाबेसमध्ये राहतात, त्यामुळे पुढे बदललं तरी काही हरवत नाही. बाइंडकडे जाताना सांबा_अपग्रेडडीएनएस ही आज्ञा चालवायची आणि एसएमबी.कॉन्फ या सांबाच्या सेटिंग-फाइलमधल्या सर्व्हर सर्व्हिसेसच्या ओळीत डीएनएस वजा करायचं. उलट, अंतर्गतकडे येताना हे वजा केलेलं परत घ्या, पण त्याआधी बाइंड थांबवा, नाहीतर पोर्ट ५३ साठी दोघे भांडतील.