सेकंडहँड ॲक्शन कॅमेरा: काही महिने वापरल्यानंतर

नवीन ॲक्शन कॅमेरा घ्यावा की दोन-तीन पिढ्या मागचा वापरलेला, यावर बराच काथ्याकूट करून शेवटी वापरलेला घेतला. आता तो सायकलच्या हँडलवर, हेल्मेटवर, पावसात, पाण्यात असा सगळीकडे फिरून झालाय. मॉडेल मुद्दाम सांगत नाही. सेकंडहँडमध्ये एकाच मॉडेलचे दोन पीस सारखे नसतात. एक कपाटात पडून असतो, दुसरा दर सुट्टीला समुद्रात डुंबून आलेला असतो. त्यामुळे नव्या कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू इथे अर्धेच कामाला येतात.

आधी चित्राबद्दल. दिवसाउजेडी तक्रारीला जागा नाही. गोप्रो कंपनीने हायपरस्मूथ, म्हणजे व्हिडिओतले हादरे गिळणारी सोय, आणली ती २०१८ साली, हिरो ७ ब्लॅकमध्ये, आणि तिथपासून हलत्या सायकलवरचं फुटेज बघणेबल झालं. पुढच्या सुधारणा खऱ्या आहेत, पण मोबाईलच्या पडद्यावर फरक ओळखा म्हटलं तर भलेभले गडबडतील. संध्याकाळ झाली की मात्र जुना सेन्सर उघडा पडतो. चित्रात दाणे उठतात, रस्त्यावरचे दिवे थरथरतात. रात्रीचंच शूटिंग जास्त असेल तर पैसे साठवा आणि नवीन घ्या.

आणि नवं म्हणजे सगळंच जास्त, असंही नाही. हिरो ११ मध्ये जीपीएस आहे, २०२३ च्या हिरो १२ मधून ते काढलं आणि हिरो १३ मध्ये परत आणलं. व्हिडिओवर वेग दाखवायचा असेल तर मधल्या मॉडेलपेक्षा त्याच्या आधीचं बरं.

खरी मेख आहे ती रबर, काच आणि बॅटरीत. सेन्सर सहसा जसाच्या तसा राहतो, झिजतात या तीन गोष्टी. विकणारा दाखवतो तो स्क्रीन, तुम्ही बघायची बॅटरीच्या झाकणाची आतली कड. माझ्या पीसच्या रबरी पट्टीवर नख फिरवलं तर एका कोपऱ्यात बारीक कचकच लागली. वाळू. कॉटन बडने काढल्यावर खाली रबर शाबूत निघालं, चीर नव्हती, म्हणून घेतला. पट्टी कडक झालेली किंवा चिरलेली असेल तर दहा मीटरपर्यंत वॉटरप्रूफ हा दावा तुमच्यासाठी संपला. झाकण वेगळं विकत मिळतं, पण आत पाणी आधीच जाऊन आलं असेल तर ते झाकण बदलून सुधारत नाही. चार्जिंगच्या पोर्टमध्ये टॉर्च मारा. पिनांवर हिरवट-पांढरं काही दिसलं तर किंमत विचारूसुद्धा नका.

बाष्प पकडायची एक युक्ती आहे. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं रेकॉर्डिंगला लावून चांगला तापू द्यायचा आणि मग लेन्सच्या काचेवर थंड ओलं फडकं टेकवायचं. काच पुसल्यावरही धुकं दिसत राहिलं तर ओल आतमध्ये आहे. विकणारा थोडा विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

काचेवरचे ओरखडे खोलीतल्या उजेडात दिसत नाहीत. दिव्याकडे तोंड करून व्हिडिओ घ्या, ओरखडा असेल तिथे प्रकाशाची रेघ ओढली जाते. हिरो ९ आणि त्यापुढच्या ब्लॅक मॉडेलांत पुढची काच फिरवून बदलता येते, हिरो ८ मध्ये ती सोय नाही. म्हणून हिरो ८ कितीही स्वस्तात मिळाला तरी काच निर्मळ असेल तरच. जाता जाता लेन्स झाकूनही एक क्लिप घ्या, काळ्या पडद्यावर पेटलेले ठिपके दिसले तर ते पिक्सेल गेलेत. आवाजही ऐका, माइकच्या भोकांत मीठ बसलं की बोलणं उशीतून आल्यासारखं येतं.

बॅटऱ्यांची मी सुरुवातीपासूनच आशा धरली नव्हती. सोबत आलेल्यांपैकी एक खाचेत अडकायला लागली, म्हणजे फुगली होती. ती बाद केली आणि नव्या घेतल्या. हा खर्च सौद्याच्या वेळीच किमतीतून वजा करून घ्या. हिरो ९ ते १२ ला एकच बॅटरी चालते, १३ ची वेगळी आहे, त्यामुळे मित्राकडच्या बॅटऱ्या उसन्या मिळणार का हेही बघा. कार्डही नवंच घ्या, व्ही३० (म्हणजे व्हिडिओ साठवण्याइतका वेग असलेलं) लिहिलेलं. सेकंदाला शंभर मेगाबिटच्या सेटिंगला तासाला साधारण ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही.

तापण्याची सवय करून घ्यावी लागली. सायकल चालू असेपर्यंत वारा लागतो, काही होत नाही. स्टँडवर ठेवून सर्वात वरच्या रिझोल्यूशनला लावला की काही वेळाने बंद पडतो. बसून शूट करायचं असेल तर मी ४के रिझोल्यूशन, सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवतो.

पैसे देण्याआधी जुन्या मालकाकडून कॅमेरा त्याच्या अकाउंटमधून काढून रिसेट करून घ्या. डीजेआय आणि इन्स्टा३६० या दुसऱ्या कंपन्यांचे कॅमेरे ॲपमधून ॲक्टिव्हेट करावे लागतात, त्यामुळे 'सीलबंदच आहे' म्हणणाऱ्याला ॲक्टिव्हेशनची तारीख दाखवायला सांगा.

पाण्यात मी तो आता डाइव्ह हाउसिंगशिवाय (पाणी न शिरणाऱ्या बाहेरच्या डबीशिवाय) नेत नाही, पावसात तसाच वापरतो. पुढचा कॅमेराही सेकंडहँडच घेईन. फक्त ३६० अंशांचा, म्हणजे एकदम चहूबाजूंचं टिपणारा, नाही. त्याच्या दोन्ही लेन्स बाहेर फुगलेल्या असतात, टेबलावर आडवा ठेवला तरी एक घासते. इन्स्टा३६० एक्स५ मध्ये लेन्स घरी बदलता येतात, तेवढा एक अपवाद करेन.